अंगावर येणारा कोंबडा : सुधारायचा, ठेवायचा की काढायचा?



आजचा संदेश भाताचा किंवा वालाचा नाही, परसातल्या कोंबड्याचा आहे. पेण आणि रोहा, दोन्ही तालुक्यांत घरटी पाच-दहा गावठी कोंबड्या असतात आणि त्यांच्यात एखादा कोंबडा असा निघतोच. अंडी काढायला गेलं की पोटरीला काटा मारतो, पोरांना अंगणात खेळू देत नाही, पोस्टमनच्या मागे धावतो. मग घरात तीन मतं होतात. आजी म्हणते कापा, पोरं म्हणतात नको, आणि घरधनी म्हणतो, "कोंबड्याला काय घाबरायचं?" असं म्हणणारा घरधनी सहसा खुराड्यात हात घालणारा नसतो. अंडी काढायची, खुराडं झाडायचं, संध्याकाळी कोंबड्या मोजून आत घ्यायच्या, हे सगळं घरच्या बाईकडे. अंड्यांचे चार पैसेही तिचेच. म्हणून कोंबडा कुणाला त्रास देतो हे तिला विचारा आणि निर्णय तिच्या सांगण्यावरून घ्या.

संदेश मोठा आहे. एका दमात वाचायची गरज नाही. घरात ज्यांना वाचायला जमत नाही त्यांना वाचून दाखवा.

*धोका किती असतो?*

बहुतेक वेळा ओरखडा, निळा डाग, थोडं रक्त. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या जगतियाल जिल्ह्यात एका माणसाचा स्वतःच्याच कोंबड्यामुळे मृत्यू झाला. झुंजीसाठी कोंबड्याच्या पायाला सुरी बांधलेली होती, सुटण्याच्या धडपडीत ती माणसाच्या जांघेत लागली आणि रक्त थांबलं नाही. तुम्ही म्हणाल, आपण कुठे सुरी बांधतो? बरोबर. पण ऑस्ट्रेलियात एक वयस्कर बाई घराच्या मागे अंडी गोळा करत होत्या, कोंबड्याने पायाला नुसती चोच मारली. त्यांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या होत्या, चोच नेमकी शिरेवर बसली आणि रक्तस्रावाने त्या गेल्या. हे २०१९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. असं क्वचितच घडतं. तरी आपल्याकडे चाळीस वर्षं चिखलात उभं राहून लावणी केलेल्या किती बायकांच्या पायाच्या शिरा अशा दोरीसारख्या वर आलेल्या असतात, ते तुम्हीच बघा.

दुसरा धोका लहान मुलांचा. चिडलेला कोंबडा दोन-तीन फूट सहज उडतो. तुमच्या-माझ्या गुडघ्याला लागणारा काटा तीन वर्षांच्या पोराच्या तोंडावर बसतो. डोळा एकदा गेला की गेला.

लागलं तर काय करायचं ते आधीच सांगतो. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली चांगली पाच-दहा मिनिटं धुवा. चुना, तंबाखू, राख लावू नका. काट्याची जखम वरून मोहरीएवढी दिसते, आतून खोल असते, आणि तो काटा दिवसभर शेणामातीत फिरलेला असतो. म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती दिवस झाले ते आठवा, आठवत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. कोंबड्याच्या चावण्याने रेबीज होत नाही, तो कुत्रा-मांजर-कोल्ह्यांचा रोग, त्याची भीती नको. जखम सांध्याजवळ असेल, दुसऱ्या दिवशी सूज किंवा ठणका वाढला असेल, किंवा माणसाला मधुमेह असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. डोळ्याला लागलं तर चोळू नका, आत काही घालू नका, स्वच्छ कापडाने हलकं झाकून त्याच दिवशी पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. फुगलेल्या शिरेतून रक्त आलं तर माणसाला आडवं झोपवा, पाय उंच धरा, स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून ठेवा आणि १०८ ला फोन करा. रक्त थांबलं का ते बघायला सारखं कापड उचलू नका.

*कोंबडा असा का वागतो?*

खोडकर म्हणून नाही. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकाचा नंबर ठरलेला असतो. कोण कुणाला चोच मारणार आणि कोण गप्प बसणार, हे त्यांच्यात पक्कं असतं. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एबे नावाच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या बघून ही गोष्ट टिपली आणि १९२१-२२ च्या सुमारास लिहून काढली. आपल्या आज्यांना ती आधीच ठाऊक होती, त्यांनी लिहून ठेवली नाही एवढंच.

नर पिल्लू पाचव्या-सहाव्या महिन्यात वयात येतं. तुरा लाल होतो, आरव फुटतो, पायाच्या मागचा काटा वाढायला लागतो आणि तो आपला नंबर वर नेण्याच्या मागे लागतो. आधी भावांशी भांडतो, मग म्हाताऱ्या कोंबड्याशी, आणि काही जण माणसालाही कळपातलाच एक समजून त्याची परीक्षा घेतात. त्याच्या हिशोबात तुम्ही दोन पायांचा, अंगाने मोठा कोंबडा. दिवस मोठे होत जातात तसा हा जोर वाढतो, म्हणून शिमग्याच्या आसपास तक्रारी जास्त.

दुसरा हंगाम पावसाळा, आणि तो खास आपल्या कोकणाचा. आठ महिने मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या जूनपासून चार महिने पडवीत किंवा खुराड्यात कोंडल्या जातात. बाहेर धो-धो पाऊस, शेजाऱ्याच्या खाचरात रोप किंवा नवी लावणी, त्यात कोंबड्या गेल्या की भांडण. एकाच कोपऱ्यात तीन नर, एकच परडी कण्या. हरलेल्या कोंबड्याला पळून जायला जागाच उरत नाही. उघड्यावर हरलेला पळतो आणि भांडण दोन मिनिटांत मिटतं, खुराड्यात ते रक्त निघेपर्यंत चालतं.

तिसरं कारण घरातलं. आई मेलेलं एकटं पिल्लू पोरं घरात, मांडीवर वाढवतात. ते नर निघालं तर मोठं झाल्यावर माणसाचा धाक त्याला राहत नाही, आणि सगळ्यात आधी अंगावर येतं तेच. पिल्लू वाढवायचं असेल तर खुडूक कोंबडीखाली रात्री सरकवा, माणसांत ठेवू नका. पोरं काठीने किंवा झाडूने डिवचतात, तेही कारणच. कोंबडे माणसं ओळखतात. ज्याने डिवचलं त्याच्यावर आणि जो पळाला त्याच्यावर पुन्हा पुन्हा जातात.

चौथं कारण जात. असील पिढ्यान् पिढ्या झुंजीसाठी निवडून वाढवलेली जात आहे, तिचं रक्त मिसळलेला नर तापट निघण्याची शक्यता जास्त. वनराजा (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची) आणि गिरिराज (बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची) या जाती परसासाठीच तयार केल्या आहेत, अंगाने जड आहेत. पण त्यांच्यातही एखादा विंचू निघतो. आणि शांत असलेला कोंबडा एकाएकी चिडका झाला तर त्याला उचलून बघा. पंखाखाली उवा, गोचीड, तळव्याला गळू, असं काहीतरी दुखणं सापडतं.

एक बाजू कोंबड्याचीही सांगितली पाहिजे. घार दिसली की तो वेगळा आवाज काढतो आणि मुंगूस किंवा कुत्रं जमिनीवरून आलं की वेगळा. पहिल्या आवाजाला कोंबड्या झुडपाखाली दबतात, दुसऱ्याला मान वर करून ओरडतात. डोंगराकडेच्या वाड्यांमध्ये चांगला कोंबडा असलेल्या घरची पिल्लं जास्त जगतात असं अनेक जण सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. म्हणून सावध कोंबडा आणि मारका कोंबडा यांत फरक करा. तुम्ही आल्यावर मान ताठ करून ओरडणारा, बाजूला होऊन नजर ठेवणारा कोंबडा आपलं काम करतो आहे. त्याला काही करू नका.

*कुणावर जातो, ते आधी बघा*

दुसऱ्या कोंबड्याशी भांडत असेल तर मध्ये हात घालू नका. भांडणाच्या भरात तो हात आणि कोंबडा ओळखत नाही. एकावर डालगं किंवा ओलं पोतं टाका. कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नसेल, पण भांडण मात्र जागच्या जागी थांबतं. त्यानंतर दोघांना दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र सोडून "जमतंय का" बघण्यात अर्थ नाही. एकाची सोय दुसरीकडे करा.

कोंबड्यांना त्रास देत असेल, तर त्यांच्या पाठी बघा. पाठीवरची आणि मानेमागची पिसं गेली आहेत, पंखाखाली बरगडीवर चीर पडली आहे, असं दिसलं तर तो बहुधा नरांच्या गर्दीचा दोष, एकट्या कोंबड्याचा नव्हे. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरे होतो. पाच कोंबड्यांत तीन नर ठेवले तर दिवसभर त्याच गरीब कोंबड्यांवर सगळे तुटून पडणार. जखमी कोंबडी लगेच वेगळी काढा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याही तिथेच टोचतात. जखम धुऊन हळद आणि कडुनिंबाचं तेल लावा. पावसाळ्यात माशी बसून दोन दिवसांत अळ्या पडतात, तेव्हा रोज पिसं बाजूला करून बघा. अळ्या दिसल्या तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा.

माणसावर येत असेल, तर पुढचं नीट वाचा.

*माणसावर येणारा कोंबडा*

तो एकाएकी येत नाही. आधी अंग तिरकं करून एका डोळ्याने रोखून बघतो. मानेची पिसं फुलवतो. एक पंख खाली सोडून अर्धा फेरा मारतो. जमिनीवर काही नसताना टोचल्यासारखं करतो. आणि तुमची पाठ वळली की झेप घेतो. ही चिन्हं पोरांना दाखवून ठेवा, एकदा ओळखता आली की निम्मे अपघात टळतात.

अशा वेळी पळू नका. पळालात की त्याच्या हिशोबात तो जिंकला, उद्या आणखी लांबून धावेल. लाथही मारू नका. लाथ ही त्याच्या भाषेत झुंजीची सुरुवात आहे, तो आणखी पेटतो. शिवाय लाथेने पाय मोडलेला कोंबडा ना रवणाच्या कामाचा ना विकण्याच्या.

करायचं ते असं. हातात सूप किंवा परडी घ्या, गुडघ्यापुढे ढालीसारखी धरा. तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश, न ओरडता, त्याच्या दिशेने चाला. तो बाजूला झाला तरी आणखी दोन पावलं टाका. पण भिंतीला किंवा कुडाला गाठून कोंडू नका, पळायला वाट ठेवा. त्याने मान खाली घातली, नजर वळवली, दुसरीकडे टोचायला लागला, की तुम्हीही थांबा. हे दिवसातून दोन-तीन वेळा, आठ-दहा दिवस.

पुष्कळ घरांत कोंबडा धावून आला की त्याच्यापुढे मूठभर कण्या फेकतात आणि तो खातोय तोवर अंडी काढून घेतात. त्या दिवसाचं काम होतं खरं, पण धावून गेलं की दाणे मिळतात हे तो शिकतो. दाणे टाकायचेच तर तो यायच्या आधी, लांबच्या कोपऱ्यात टाका.

उचलण्याचा उपाय तरुण कोंबड्याला चांगला लागू पडतो. दिवसा पाठलाग करू नका. रात्री सगळे बसल्यावर अंधारात जा, तेव्हा तो गप्प असतो. दोन्ही पंख अंगाशी दाबा, दोन्ही पाय एका हातात घट्ट धरा आणि त्याला काखेत, डोकं मागच्या बाजूला येईल असं घ्या. पाय धरून उलटा लटकवू नका, त्याला श्वास घ्यायला त्रास होतो. असा दहा मिनिटं धरून अंगणात हिंडा, मग हळूच खाली ठेवा. आठवडाभर रोज करा. हे काम मोठ्या माणसाचं, पोरांना सांगू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

यानेही फरक पडला नाही तर दहा-पंधरा दिवस वेगळा कोंडा. डालगं, जुना पिंजरा, काहीही चालेल, पण बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी, सावलीत, कोरड्यात, दाणा-पाण्यासह. त्याच्या गैरहजेरीत कळपाचे नंबर नव्याने लागतात आणि परत सोडल्यावर त्याचा तोरा बराच उतरलेला असतो. कायमचा उतरतोच असं नाही.

हे सगळे उपाय साधारण वर्षाच्या आतल्या, नुकत्याच चिडक्या झालेल्या कोंबड्यासाठी आहेत. दोन वर्षांचा, चार जणांना मारून सरावलेला कोंबडा यातून सुधारत नाही, त्याच्यावर महिने घालवू नका. आणि ज्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे, किंवा काठी घेऊन चालणारं म्हातारं माणूस आहे, तिथे कोंबड्याने एकदा जरी त्यांच्यावर झेप घेतली असेल तर सुधारण्याचा प्रयोग करूच नका. त्याच दिवशी कोंडा आणि त्याच आठवड्यात काढा. तुरा कितीही देखणा असो.

*पायाचा काटा बोथट करणं*

कोंबडा ठेवायचाच असेल तर काटा बोथट करून ठेवा. काट्याला बाहेरून नखासारखं कवच असतं आणि आत हाड असतं, त्यात रक्तही असतं. म्हणून कोयत्याने, आडकित्त्याने छाटू नका. रात्री एकाने काखेत धरावा, दुसऱ्याने बारीक कानशीने फक्त टोक घासून गोल करावं. तांदळाच्या दाण्याएवढं टोक गेलं तरी पुरे. रक्त दिसलं तर थांबा, हळद लावून स्वच्छ फडक्याने दाबून धरा. टोक पुन्हा वाढतं, दोन-तीन महिन्यांनी बघत राहा. याने स्वभाव बदलत नाही, जखम तेवढी कमी होते.

चोच कापू नका. मोकळं फिरून किडे-मुंग्या, गवताचं बी टिपणाऱ्या पक्ष्याची चोच म्हणजे त्याचं हातपाय. आणि "खस्सी करून द्या" असंही कुणी विचारतं. बोकडासारखं हे बाहेरून होत नाही, कोंबड्याचे वृषण पोटाच्या आत, पाठीच्या कण्याजवळ असतात. ते पोट उघडून करायचं काम आहे, घरी ब्लेडने करण्याचं नाही.

*पाचव्या महिन्याचा हिशोब*

खरी गोष्ट ही की बहुतेक घरांत मारका कोंबडा आपणच तयार करतो, नर गरजेपेक्षा जास्त दिवस सांभाळून. एका रवणातून दहा पिल्लं निघाली तर निम्मे नर धरा. चौथ्या महिन्यात ते ओळखू येतात. तेव्हाच ठरवा, रवणासाठी एक ठेवायचा, फार तर अडीनडीला दुसरा. बाकीचे सहाव्या महिन्याच्या आत विकायचे किंवा घरी खायचे. त्यानंतर ते दाणा खातात, वजन फारसं वाढत नाही आणि भांडणं मात्र वाढतात.

आपल्या भागात गिऱ्हाईक कधी असतं ते तुम्हाला माहीत आहे. आषाढातली गटारी हा मोठा दिवस, मग श्रावणात सगळं थंड. मार्गशीर्षात पुन्हा थंड. तो संपला की वालाच्या शेंगा भरतात, पोपटी लागायला लागते आणि मडक्यात शेंगांबरोबर टाकायला गावठी कोंबडा शोधत मुंबई-पनवेलची माणसं शनिवार-रविवारी येतात. मग शिमगा आणि चैत्रातल्या जत्रा. गटारीला पाच-साडेपाच महिन्यांचा नर हवा असेल तर रवण जानेवारीत बसवायचं, म्हणजे एकवीस दिवसांनी फेब्रुवारीत पिल्लं बाहेर येतात. पावसाळ्यातली पिल्लं फार मरतात, म्हणून हिवाळ्याचं रवणच फायद्याचं. विकताना नगावर, नजरेच्या अंदाजाने देऊ नका, तोलून द्या. आणि झुंजीसाठी कोंबडा शोधत येणाऱ्याला भाव कितीही चढा असला तरी देऊ नका. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राण्यांची झुंज लावणं गुन्हा आहे.

पावसाळ्यासाठी एवढं करा. मोठ्या पक्ष्याला रात्री बसायला निदान दीड ते दोन चौरस फूट जागा धरा आणि दिवसाची कोरडी जागा त्याहून मोठी असू द्या. दाणा एका परडीत न देता तीन ठिकाणी द्या, एकमेकांना दिसणार नाहीत अशा. मध्ये पोत्याचा पडदा, लाकडाची मोळी, वाळकी फांदी असा आडोसा ठेवा. दबलेल्या कोंबडीला लपायला मिळालं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. बसायला दोन उंचींचे बांबू आडवे बांधा. पावसाची उघडीप मिळाली की तासभर का होईना, बाहेर सोडा.

*देवाच्या नावाचा कोंबडा*

हा प्रश्न नाजूक आहे, पण अनेक घरांतला मारका कोंबडा नेमका हाच असतो. नवस बोललेला असतो, जत्रेला वर्ष असतं, तोवर त्याला विकायचं नाही, कापायचं नाही, कुणी हातही लावायचा नाही. मग तो दीड-दोन वर्षांचा होतो आणि सगळ्या वाडीवर राज्य करतो. नवसाच्या कोंबड्याला कोंडून ठेवलं तर नवस मोडत नाही. त्याला स्वतंत्र पिंजरा करा, चांगलं खायला घाला, काटा बोथट करा. मूल जखमी होईपर्यंत मोकळा सोडावा अशी कुठल्याच देवाची अपेक्षा नसेल. जत्रा फार लांब असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि गुरवांना विचारा, देणं लवकर पोचवण्याची किंवा त्याऐवजी दुसरा कोंबडा देण्याची वाट ते सांगतात. पुढच्या वेळी नवस बोलताना वयाने लहान पिल्लू धरा, म्हणजे जत्रेपर्यंत ते मारकं होणार नाही.

*नवा कोंबडा आणताना*

अंडी फक्त खायला किंवा विकायला हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही. कोंबडी नराशिवायही अंडी देते आणि अशी अंडी उन्हाळ्यात जास्त दिवस टिकतात. हे अजून बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. पिल्लं काढायची असतील तरच नर लागतो.

नर निवडताना वजन, रंग, तुरा बघतो तसा स्वभावही बघा. स्वभाव काही प्रमाणात बापाकडून पोराकडे येतो. मारक्या कोंबड्याची अंडी रवणाला लावली तर दोन वर्षांनी घरात तसेच तीन असतील. ज्याच्याकडून घेणार त्याच्या अंगणात अर्धा तास बसा. तुम्ही खुराड्याजवळ गेल्यावर काय करतो, दाणे टाकल्यावर कोंबड्यांना हाक मारून आधी खाऊ देतो की त्यांना हुसकतो, ते पाहा. कोंबड्यांना बोलावून दाणा दाखवणारा नर घ्या.

आणल्या आणल्या कळपात सोडू नका. दोन-तीन आठवडे लांब, वेगळा ठेवा. त्याचा दाणा-पाणी घरच्या कोंबड्यांनंतर करा आणि हात धुवा. मानमोडी बाहेरून आणलेल्या एका पक्ष्याबरोबर येते आणि आठवड्यात खुराडं रिकामं करते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं आहे. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू आढळला होता. बाजारातून, ओळख नसलेल्या गाडीवरून नर घेऊ नका. मानमोडीची लस राहिली असेल तर याच काळात पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्या.

जुना नर काढल्यावरही कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. याचे दोन अर्थ. जुन्याला काढल्यानंतरही आठवडाभराची अंडी रवणाला चालतात, म्हणजे घाईने नवा आणण्याचं कारण नाही. आणि नव्या नराचीच पिल्लं हवी असतील तर जुना काढल्यापासून तीन आठवडे अंडी खाऊन किंवा विकून टाका, त्यानंतरची अंडी कोंबडीखाली ठेवा. जुना मारका होता म्हणून काढला असेल तर हे तीन आठवडे नक्की पाळा.

ज्या सभासदांकडे शांत, आठ ते चौदा महिन्यांचा गावठी नर जादा आहे, किंवा ज्यांना नर बदलून हवा आहे, त्यांनी या संदेशाला उत्तर म्हणून गावाचं नाव, कोंबड्याचं वय आणि लस दिली असल्यास कधी दिली ते पाठवावं. दुसऱ्या गावचा नर आणला की एकाच रक्तातली पिल्लं होण्याचंही टळतं. लिहायला जमत नसेल तर बोलून पाठवा, चालेल. कोंबडा अंगावर कसा येतो त्याचा व्हिडिओ पाठवलात तर तो सुधारण्यातला आहे की नाही ते सांगायला सोपं जाईल. व्हिडिओ काढणारा कुंपणाच्या बाहेर उभा असावा.